दूध काढण्याचे यंत्र आणि गाईचा सड

पणदरे व आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत दूध काढण्याची यंत्रे पुष्कळ झाली आहेत. यंत्र घ्यावे की न घ्यावे हा वाद आता उरलेला नाही. धार काढणारा गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि दहा-वीस संकरित गाईंची दोन वेळची धार घरच्या माणसांच्या मनगटांस झेपत नाही. सबब यंत्र आले ते ठीकच झाले. परंतु यंत्राने किती जोराने ओढावे, मिनिटास किती ठोके द्यावेत व सडावरून ते केव्हा उतरवावे, हे ठरविण्याचा अधिकार आपण यंत्र विकणाऱ्याच्या हाती देऊन बसलो आहो, आणि त्या व्यवहाराची भरपाई गाय आपल्या सडाने करीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला व उसाबरोबर वाढ्यांचा चारा आला. पुढे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे बाएफ ही संस्था स्थापिली, आणि संकरित गाईंचा प्रसार आपल्या जिल्ह्यात झपाट्याने झाला. पूर्वी दावणीस खिल्लार गाय असे. ती मुख्यतः बैलासाठी पाळीत, आणि वासरू पिऊन उरेल ते दूध घरात येई. आजची गाय दुधासाठीच पाळलेली आहे. चांगल्या दुधाच्या गाईस हल्ली लाखाच्या आसपास रुपये मोजावे लागतात, आणि ते सारे भांडवल चार सडांतून वसूल व्हावयाचे असते. एक सड बाद झाला तर तीन सडांच्या गाईस बाजारात कोणी उभे करून घेत नाही. उसाचा एक सरी-वाफा वाळला तर आपण पाटकऱ्याशी भांडतो. सड बाद झाला तर मात्र नशिबास बोल लावून गप्प बसतो.

सडाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. सडाच्या टोकाशी दूध बाहेर येण्याची जी बारीक वाट असते ती सुमारे एक सेंटिमीटर लांबीची असते. तिच्या सभोवती एक स्नायू असतो, तो धारेनंतर ती वाट आवळून बंद करितो. वाटेच्या आतील अंगास मेणचट पदार्थाचा थर असतो; बाहेरून आत शिरू पाहणारे जंतू त्यात अडकून धारेबरोबर बाहेर टाकले जातात. कासेत जंतू जाण्याचा मुख्य रस्ता हाच, आणि त्यावरील चौकी ही एवढीच. चौकी शाबूत असली तर शेणामातीच्या गोठ्यातही बहुतेक गाई निभावून जातात. ती मोडली म्हणजे स्वच्छ फरशीवरच्या गाईसही कासदाह, ज्यास आपण दगडी म्हणतो, तो गाठतो. यंत्राच्या जोराचा परिणाम प्रथम होतो तो या एका सेंटिमीटरच्या वाटेवर.

यंत्र दूध पिळीत नाही, ते ओढते. पेल्यातील हवा काढून घेतली की सडाच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा अधिक होतो व वाट उघडून दूध येते. परंतु जी ओढ दुधास लागते तीच रक्तासही लागते. स्कॉटलंडात विल्यम मर्चलंड याने १८८९ साली जे यंत्र काढले त्यात ओढ एकसारखी चालू राही. त्यामुळे सडाच्या टोकाशी रक्त साकळे व सड सुजत. त्यावर उपाय म्हणून ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्स याने १८९५ च्या सुमारास ओढ मधून मधून सोडणारे यंत्र बनविले, आणि ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर गिलीज याने १९०३ च्या सुमारास दुहेरी पेला काढला. या पेल्यात आत रबराची नळी व बाहेर धातूची; दोहोंमधील पोकळीत हवा सोडली की रबर सडावर मिटते, हवा ओढली की उघडते. आजची सर्व यंत्रे याच तत्त्वावर चालतात. आपल्या यंत्रावर टिक-टिक करणारा जो पल्सेटर असतो तो दूध लवकर यावे म्हणून बसविलेला नाही. सडास विसावा मिळून साकळलेले रक्त परत फिरावे, एवढ्याचसाठी तो आहे. वासरूही चोखते, घोट गिळते व पुन्हा चोखते. त्या गिळण्याच्या क्षणी सड सुटा होतो. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली तो पल्सेटरचा स्क्रू उगीच फिरविणार नाही.

आता आकड्यांकडे वळू. जोर मोजण्याचे माप किलोपास्कल हे आहे, परंतु कित्येक यंत्रांवरील काटे पाऱ्याच्या इंचांत किंवा मिलिमीटरांत असतात. पन्नास किलोपास्कल म्हणजे सुमारे पंधरा इंच अथवा ३७५ मिलिमीटर, आणि बेचाळीस म्हणजे सुमारे साडेबारा इंच अथवा ३१५ मिलिमीटर. आपला काटा कोणत्या मापाचा आहे हेच ठाऊक नसलेले यंत्रमालक आम्हांस एकाहून अधिक भेटले आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ५७०७ क्रमांकाच्या मानकात मार्गदर्शन आहे ते असे की, दूध जोरात वाहत असता चारही पेले जेथे एकत्र येतात त्या क्लॉमध्ये सरासरी जोर ३२ ते ४२ किलोपास्कलांच्या दरम्यान असावा. दूध उंचावरच्या नळीतून न्यावयाचे असेल तर चढावात जोर खर्ची पडतो, म्हणून तेथे पंपाशी तो अधिक ठेवावा लागतो. आपल्या गोठ्यांतील यंत्र बहुधा बादलीचे. दूध खाली बादलीत पडते, वर चढावयाचे नसते, म्हणून जोराचा खर्च थोडा. येथे काट्यावर बेचाळीस-चव्वेचाळीसच्या आसपास ठेवून काम भागते. असे असता पन्नासाचा आकडा आपल्याकडे रूढ झाला आहे, आणि तो बदलावयास कोणी धजत नाही.

याचे एक कारण म्हैस हे आहे. म्हशीच्या सडाचा स्नायू गाईपेक्षा घट्ट असतो व तिला जोर अधिक लागतो, हे खरे. परंतु ज्या गोठ्यात दोन म्हशी व आठ गाई आहेत तेथे म्हशींसाठी वाढविलेला जोर गाईंनी का सोसावा? धार काढण्याचा क्रम असा लावावा की गाई एकदम व्हाव्यात, मग नियामक फिरवून म्हशी घ्याव्यात, आणि काम संपल्यावर काटा पुन्हा गाईच्या आकड्यावर आणून ठेवावा. यास दोन मिनिटे लागतात.

दुसरे कारण विक्रेत्याचे. नवे यंत्र दाखवावयास आलेला मनुष्य घड्याळ लावून दूध काढून दाखवितो. चार मिनिटांत गाय मोकळी झाली की खरेदीदार खूश होतो. जोर वाढविला व ठोके वाढविले की काही काळ दूध लवकर येते, यात शंका नाही. सडाच्या टोकाशी काय झाले हे मात्र दोन ते आठ आठवड्यांनी दिसते, आणि तोवर तो मनुष्य दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

ठोक्यांचा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावा, म्हणून येथे देतो. मिनिटास साठ ठोके म्हणजे एक ठोका एका सेकंदाचा. प्रमाण साठास चाळीस असेल तर त्यात सहा दशांश सेकंद ओढ व चार दशांश विसावा. आता कोणी प्रमाण सत्तरास तीस केले व ठोके पंचाहत्तर केले, तर एक ठोका आठ दशांश सेकंदाचा होतो व विसाव्याच्या वाट्यास अवघे चोवीस शतांश सेकंद येते. रबर उघड्याचे मिटण्यातच त्यातील बराच भाग जातो. ते पूर्ण मिटून सड दाबला जाण्याची वेळ पंधरा शतांश सेकंदापेक्षा कमी नसावी असे मानक सांगते. ती मर्यादा येथे उरणे कठीण. मिनिटास पंचावन्न ते पासष्ट ठोके व साठास चाळीस हे प्रमाण आपल्या गाईंस मानवते. त्यापलीकडे जावयाचे तर ते तपासनिसाने उपकरण लावून ठरवावे. ठोके मोजावयास मात्र उपकरण लागत नाही. पेल्यात अंगठा घालून घड्याळ समोर ठेवावे व मिनिटभर मोजावे. रबर अंगठ्यावर नीट मिटते की नुसते थरथरते तेही त्याच वेळी कळते. पल्सेटरच्या हवेच्या छिद्रात भुसकट व धूळ बसून तो मंदावलेला आम्ही कित्येकदा पाहिला आहे.

आणखी एक हिशेब. गाय प्रत्येक वेळी सहा मिनिटे यंत्रावर राहिली तर दिवसाच्या दोन धारांत मिळून ७२० ठोके तिच्या सडास बसतात. तीनशे दिवसांच्या वेतात ते २,१६,००० होतात. दूध संपल्यावरही यंत्र दर वेळी दोन मिनिटे तसेच राहिले, तर वेतभरात ७२,००० ठोके रिकाम्या सडावर पडले. आमच्या मते आपल्या भागात सर्वांत अधिक नुकसान जर कशाने होत असेल तर ते या दोन मिनिटांनी. दूध वाहत असते तोवर ते नळीत भरून राहते व सडाच्या टोकाशी जोर काहीसा कमी राहतो; दूध आटले की तो पूर्ण जोर कोरड्या सडावर येतो, पेले वर सरकतात, आणि सडाच्या मुळाशी जेथे कासेतून दूध उतरते ती वाट आवळली जाते. मग माणूस समजतो की अजून दूध आहे, व क्लॉ हाताने खाली दाबून धरितो. मंचरच्या भाग्यलक्ष्मी गोठ्यासारख्या ठिकाणी फिरत्या चक्रावर गाई उभ्या करून यंत्राने दूध काढतात. तसल्या मोठ्या व्यवस्थेत दूध कमी होताच पेले आपोआप उतरविण्याची सोय करता येते. आपल्या बादलीच्या यंत्रास डोळे नाहीत. त्याचे डोळे म्हणजे जवळ उभा असलेला मनुष्य, आणि तो त्याच वेळी वाढे तोडीत असतो, डेअरीच्या गाडीस हाक मारीत असतो किंवा मोबाइलवर बोलत असतो. एका माणसाने एका वेळी किती क्लॉ सांभाळावेत याचा विचार यंत्र घेताना व्हावा. दोहोंपेक्षा अधिक सांभाळणारा मनुष्य आम्ही तरी पाहिलेला नाही.

प्रारंभाकडेही तितकेच लक्ष पाहिजे. कास धुऊन, पुसून, प्रत्येक सडाच्या दोन-चार धारा हाताने निराळ्या भांड्यात काढून पाहाव्यात. गाठी दिसल्यास त्या गाईस यंत्र लावू नये. या हाताळणीने गाय पान्हा सोडते. हात लागल्यापासून साधारण एक ते दीड मिनिटाने दूध उतरते. त्याच सुमारास पेले चढवावेत. पान्हा येण्यापूर्वीच पेले चढविले तर आरंभीही रिकाम्या सडावर ओढ बसते. काढताना आधी जोर बंद करावा, क्षणभर थांबावे, पेले आपसूक सुटतात. चालू जोरात ओढून काढलेल्या पेल्याबरोबर हवा आत घुसते व त्या झोतात दुधाचे जंतुयुक्त थेंब दुसऱ्या सडाच्या वाटेत उलटे फेकले जातात. वीज गेली तरी असेच काहीसे होते. जोर पडतो, पेले घसरतात, आणि गडबडीत कोणी ओढून काढतो. पंप दुसऱ्या इंधनावर चालविण्याची सोय, निदान हाताने धार काढू शकणारे एक माणूस, प्रत्येक यंत्रवाल्या गोठ्यात असलेच पाहिजे.

आमच्या पाहण्यातील एका गोठ्याची हकीकत सांगतो. मालक कष्टाळू, गोठा झाडलेला, चारा भरपूर. परंतु गाई यंत्र लावताच लाथा झाडीत, म्हणून त्यांचे मागले पाय दोरीने बांधीत. मालकाचे म्हणणे, या गाईंची जातच तापट. पेले उतरविल्याबरोबर आम्ही सड पाहिले. कित्येकांची टोके निळसर पडलेली, मुळाशी रबराच्या तोंडाचे वळ, आणि जुन्या गाईंच्या सडाच्या टोकांशी पांढरट, खरबरीत, कडा फाटलेले कडे. काटा पंधरा इंचांवर. यंत्र बसविणाऱ्याने पंधरावर ठेवा म्हणून सांगितले होते, तेव्हापासून तो तेथेच होता. यंत्र बंद केले तरी काटा शून्यावर न येता दोन इंचांच्या खालीच अडून राही, म्हणजे तो काटाच विश्वासाचा नव्हता. लायनर बसविल्याची तारीख कोणासही आठवेना. त्यांनी नवा काटा, नवे लायनर घेतले, नियामकातील धूळ काढली, जोर उतरवून घेतला. दूध निघावयास मिनिटभर अधिक लागू लागले. दोरी काही दिवसांतच सुटली. खरबरीत कडी मात्र पुष्कळ आठवडे रेंगाळली, आणि दोन सड गेले ते गेलेच.

लायनरविषयी दोन शब्द. रबराचा लायनर सुमारे अडीच हजार धारांपर्यंत टिकतो असे धरितात. पुढे त्याचा लवचिकपणा जातो, आतून भेगा पडतात व भेगांत जंतू वस्ती करितात. वीस गाई, दोन वेळा, दोन क्लॉ, म्हणजे एका क्लॉच्या वाट्यास रोज वीस धारा. अडीच हजार धारा १२५ दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत भरतात. पाच गाई व एक क्लॉ असेल तर २५० दिवस होतात, तरी साबण-सोड्याने व उन्हाने रबर मरते, म्हणून सहा महिन्यांपलीकडे ते ठेवू नये. फाटेपर्यंत वापरावयाची वस्तू म्हणजे बैलाचे जोते; लायनर त्या जातीचा नव्हे.

आमच्यावर असा आक्षेप येईल की हाताने धार काढणारे तरी सडाचे कोठे बरे करितात? आक्षेप योग्य आहे. अंगठा मुडपून, त्याच्या पेऱ्याखाली सड चिरडून धार काढण्याची जी खोड आपल्याकडे सर्रास आहे तिने सडास आतून जखमा होतात, आणि नीट लावलेले यंत्र त्या अंगठ्यापेक्षा पुष्कळ बरे. तसेच सडाच्या टोकाशी कडे दिसले की सर्व दोष यंत्रास देणेही बरोबर नाही. टोकदार सडाच्या, अधिक दूध देणाऱ्या गाईंस ते लवकर येते. थंड कोरड्या हवेत वाढते. फार कमी जोरही घातकच. पेले घसरतात, धार लांबते. म्हणूनच एकाच आकड्यास चिकटून बसण्यापेक्षा सड पाहावा असे आम्ही म्हणतो. पेले उतरविल्यापासून पहिल्या मिनिटात सडाचा रंग, मुळाशी वळ, बोटांत धरून घट्टपणा, व टोकाचा खरबरीतपणा पाहावा. या विषयातील तज्ज्ञांनी २००१ साली ठरविलेल्या पद्धतीप्रमाणे टोकांचे चार दर्जे मानितात: कडे नसलेले, गुळगुळीत कडे असलेले, खरबरीत व फार खरबरीत. पाचांत एकाहून अधिक सड शेवटच्या दोन दर्जांत निघाले तर यंत्र व वापर दोन्ही तपासावीत. वीस गाईंचे ऐंशी सड. त्यांतील सोळांवर गेले की समजावे.

महसूल खात्यात जन्म घालविल्यामुळे आम्हांस वहीचे वेड आहे असे मित्र म्हणतात. असो. परंतु सात-बारावर पिकाची नोंद नसली तर कर्ज अडते हे पाहणारा शेतकरी लाखाच्या गाईची एक ओळ लिहीत नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. महिन्यातून एकदा, गाईचे नाव, चार सड, चार आकडे, एवढेच. शाळेतील मुलगी हे काम दहा मिनिटांत करील, आणि बहुधा बापापेक्षा खरे लिहील.

आता संस्थेकडे येतो. ठोक्यांचा आलेख काढणारे व क्लॉमधील जोर दाखविणारे उपकरण एकेका शेतकऱ्याने घेण्यासारखे नाही, पण सभासदांच्या सामाईक वर्गणीतून ते सहज येईल. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडून एखाद्या तरुणास शिकवून घ्यावे, व त्याने वर्षातून दोनदा प्रत्येक सभासदाचे यंत्र धार चालू असताना तपासावे. बंद यंत्राची तपासणी अर्धवट होय. तपासणारा मनुष्य यंत्र किंवा लायनर विकणाऱ्याचा नसावा, ही अट आम्ही मुद्दाम घालतो. यंत्रखरेदीस अनुदान देणाऱ्या योजना वेळोवेळी निघतात. त्यांत पावतीबरोबर बसविल्यानंतरच्या तपासणीचा दाखलाही मागावा, असा अर्ज संस्थेने पशुसंवर्धन खात्याकडे करावा. विक्रेत्यास आज कागद द्यावा लागतो तो किमतीचा. जोर, ठोके व प्रमाण किती लावून दिले याचाही त्याच्या सहीचा कागद आपण मागून घ्यावा.

धारेनंतर सड आयोडिनच्या औषधी द्रावणात बुडवावेत व अर्धा-पाऊण तास गाय बसू नये म्हणून पुढे चारा टाकावा, हे बहुतेकांस ठाऊक आहे. ठाऊक असून होत नाही एवढेच.

वरील सूचना वार्षिक सभेपुढे ठरावाच्या रूपाने मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या सभासदांकडे यंत्र आहे त्यांनी सभेस येताना एका कागदावर काटा कोणत्या मापाचा आहे, यंत्र बंद असता तो शून्यावर येतो की नाही, चालू असता कोठे उभा राहतो, ठोके मिनिटास किती मोजले, आणि लायनर कोणत्या महिन्यात बसविले, एवढे लिहून आणावे.